वाडी विकून वाजंत्री?

हौशी : मुद्द्यावरच येतो. गास, कोफराड, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी असा आपला वसईचा पट्टा घेतला, तर व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणारी पोरं गावोगाव सापडतात. ट्रिनिटीच्या ग्रेड देतात, नाताळला नि फेस्तला चर्चमध्ये वाजवतात, मे महिन्यात लग्नाच्या बँडमध्ये उभी राहून चार पैसेही मिळवतात. बारावी झाली, नोकरी लागली की वाद्य माळ्यावर जातं. पोरं कंटाळतात असं नाही. पुढे वाजवायचं कोणाबरोबर, हाच प्रश्न असतो. या पोरांचा, आणि वाद्य माळ्यावर टाकलेल्या त्यांच्या बापांचाही, चाळीसेक जणांचा वाद्यवृंद इथे उभा राहू शकतो. तो दरवर्षी पावत्या फाडून चालवायचा नाही. ज्यांच्या लग्नात नि मयतीला इथल्या वाजवणाऱ्यांनी वाजवलं, त्यांनी मृत्युपत्रात एक ओळ या वाद्यवृंदासाठी लिहावी. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजावर शिकवणारा मास्तर ठेवायचा, तालमीची जागा भाड्याने घ्यायची, वाद्यं दुरुस्त करायची.

हिशेबी : पावत्यांवर तुझा एवढा राग का? पावती फाडायला दारात गेलास की घरचा माणूस विचारतो, ‘मागच्या वर्षी काय केलंत?’ त्याहून चांगलं ऑडिट जगात नाही. मेलेला माणूस हे विचारत नाही. आपल्याकडे बँड आजवर कशावर जगला? सुपारीवर. लग्नाची सुपारी, फेस्तची सुपारी. ज्याने या मोसमात बेसूर वाजवलं, त्याला पुढच्या मोसमात फोन येत नाही. व्याजावर बसलेल्या मास्तराला ही धास्ती राहील का? वाजवणाऱ्याचा पगार आणि ऐकणाऱ्याची मर्जी यांचा संबंध तुटला की काय होतं, हे आपण सरकारी अनुदानाच्या संस्थांत भरपूर पाहिलंय.

हौशी : सुपारी नाचणाऱ्याची मर्जी सांभाळते, मान्य. पण सुपारीवर जगणारा बँड तेवढंच वाजवतो जेवढ्यावर वरात हलते. क्लॅरिनेटवाल्याचं बघ. त्याच्या तोंडातली रीड बोरूची, चांगल्या रीडचा बोरू दक्षिण फ्रान्समधून येतो, आणि रोज वाजवलं तर ती काही आठवड्यांत मऊ पडते. चाव्यांखालचे पॅड पावसाळ्यात फुगतात. मग खालचा षड्ज नीट लागत नाही, चावी दाबली तरी भोक पुरतं बंद होत नाही, वारा निसटतो. लाकडी क्लॅरिनेट असेल तर हवेतला दमटपणा एकदम बदलला की सांध्याजवळ चीर जाते. दुरुस्तीला वाद्य मुंबईला न्यावं लागतं. त्यामुळे लग्नाच्या बँडमधला माणूस काय करतो? पॅडला दोऱ्याचा वेढा देतो, चिरेत मेण भरतो, नि जोरात फुंकतो. वरातीत ड्रमच्या आवाजात ते खपतं. वाद्यवृंदात शेजारी ओबो आणि मागे व्हायोलिन असताना खपत नाही. सुपारीचा पैसा आजच्या रात्रीचा असतो. वाद्याला पंधरा वर्षांचा पैसा लागतो.

आणि हा प्रश्न फक्त आपल्या गावचा नाही. १९६६ साली बाउमोल आणि बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचावरच्या कलांचा हिशेब मांडला. कारखान्यात एका माणसाकडून पूर्वीपेक्षा दहापट माल निघतो, म्हणून त्याचा पगार वाढला तरी मालाची किंमत आवाक्यात राहते. पण चौघांनी वाजवायची बेथोव्हनची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच वाजवावी लागे, आजही चौघांनाच. ती तिघांत भागत नाही, निम्म्या वेळात आटपत नाही. म्हणजे खर्च वाढतच जाणार आणि तिकीट त्या वेगाने वाढवता येणार नाही. मधली खाच कोणीतरी भरावी लागते. युरोपात ती राजाने भरली, मग सरकारने. अमेरिकेत ती मृत्युपत्रांनी भरली. आपल्याकडे ती मास्तराच्या पोटाला चिमटा काढून भरली जाते.

हिशेबी : मास्तराच्या पोटाचा चिमटा मला मान्य आहे. म्हणूनच हिशेब करू. महिना ३०,००० रुपयांचा एक मास्तर धर. वर्षाला ३ लाख ६० हजार. ठेवीवर ७ टक्के मिळतात असं समज. तू म्हणशील, ५२ लाखांत काम झालं. झालं नाही. महागाई ५ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांनी तेच व्याज मास्तराला परवडणार नाही. मुद्दलाची ताकद टिकवायची तर सातातले पाच परत मुद्दलात टाकायला हवेत. खर्चायला उरले दोन, फार तर तीन टक्के. म्हणजे एका मास्तरासाठी १ कोटी २० लाख. जागा, वाद्यं, छापील स्वरलिपी, तालमीला येणाऱ्या पोरांचा चहा धरला तर दुप्पट.

आता खरी गंमत ऐक. सार्वजनिक न्यासाला आयकरातून सूट हवी, तर उत्पन्नातले ८५ टक्के त्या कामावर खर्च करावे लागतात. १५ टक्केच कटकटीविना बाजूला ठेवता येतात. जास्त साठवायचं तर कशासाठी ते लिहून द्यायचं, आणि पाच वर्षांत खर्चायचं. म्हणजे महागाई सांगते सातातले पाच ठेव, आणि कायदा सांगतो सातातला एक ठेव. ‘मुद्दल कायम’ हे शब्द मृत्युपत्रात सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेस तरी मुद्दल आतून झिजणारच. शिवाय ठेवणार कुठे? ठेवीचा विमा एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांचा, तोही २०२० पासून. त्याआधी एकच लाख होता. २०१९ साली पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांच्या ठेवी किती काळ अडकल्या, ते तू विसरला नसशील.

हौशी : तुझा हिशेब मी खोडत नाही. तो माझ्याच बाजूचा आहे असं म्हणतो. १ कोटी २० लाख हा आकडा ऐकून दादरच्या माणसाला घाम फुटेल. गासच्या माणसाला फुटू नये. आपल्याकडे पाच गुंठ्यांची वाडी, तीत केळी, कडेला नारळ आणि विहीर, असं ज्याच्याकडे आहे तो कागदावर करोडपती आहे. आपण गरीब गाव नाही. आपल्याला फक्त मेल्यावर देण्याची सवय नाही.

मुंबईत हे झालंय. डॉ. होमी भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरंगीर’ बंगला. १९६६ साली ते विमान अपघातात गेल्यावर तो भाऊ जमशेद भाभांकडे आला. जमशेद भाभांनी जे. आर. डी. टाटांच्या साथीने १९६९ साली एनसीपीए ही कलासंस्था सुरू केली होती. २००७ साली ते गेले तेव्हा तो बंगला त्यांनी मृत्युपत्राने एनसीपीएला दिलेला होता. २०१४ साली लिलाव झाला, ३७२ कोटी रुपये आले. एका माणसाच्या मृत्युपत्राने एवढं मोठं बळ एका कलासंस्थेला मिळालं. २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया त्याच छताखाली आहे. वर्गणीच्या किती पावत्या फाडल्या असत्या तर ३७२ कोटी झाले असते?

हिशेबी : मेहरंगीरचं उरलेलं अर्धं सांगतो. अणुऊर्जा खात्यातले कर्मचारी आणि शास्त्रज्ञ म्हणत होते की हे घर विकू नका, भाभांचं स्मारक करा. प्रकरण हायकोर्टात गेलं. लिलाव झालाच, आणि दोन वर्षांत बंगला पाडला गेला. मी त्यात कोणाला दोष देत नाही. जमशेद भाभांचं घर होतं, त्यांनी ते संगीत-नाटकाला दिलं, आणि विकल्याशिवाय ते संगीताच्या कामाला येणार नव्हतं. पण व्यवहार काय झाला ते बघ. एक जागा नाहीशी झाली तेव्हा दुसरीकडे पैसा दिसला. आणि त्या ऑर्केस्ट्राच्या मोसमात अजूनही मोठ्या संख्येने वादक परदेशातून येतात. गासचा क्लॅरिनेटवाला तिथे तिकीट काढून बसतो.

आता हाच व्यवहार आपल्या वाडीत आण. पहिली अडचण कायद्याची. आपल्याकडे १९४८ चा मुंबई कुळकायदा लागू आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय देता येत नाही. लोक म्हणायचे, मृत्युपत्र म्हणजे काही विक्री नाही, त्याला हे लागू नसेल. २०२० साली सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका खटल्यात, हाच कायदा समोर ठेवून, सांगितलं की मृत्युपत्रानेही नाही. तेव्हा कोणी म्हातारी उठून ‘माझी वाडी वाद्यवृंदाला’ असं लिहून गेली, तर ती ओळ तलाठ्याच्या टेबलावर अडकेल. दुसरी अडचण सातबाऱ्याची. पाच गुंठ्यांवर सतरा नावं, त्यातली चार कॅनडात, दोन मेलेली, एकीचं लग्नानंतरचं नाव चढलेलंच नाही.

आणि समज, दोन्ही अडचणी सुटल्या. वाडी बिगरशेती करून विकली. घेणारा कोण? तिथे केळी लावणारा घेणार नाही, त्याला तो भाव परवडत नाही. घेणार बिल्डर. सनसिटी-गास रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो तो का, हे तुला मी सांगायला नको. भराव झाले, पाणी मुरायच्या जागा गेल्या. महापालिकेतून गावं वगळावीत म्हणून याच पट्ट्याने किती मोर्चे काढले! आणि आता तू म्हणतोस, वाडी विका आणि त्या पैशावर गावाचं संगीत चालवा. गाव विकून गावाची वाजंत्री!

(इथे लेखकाला मध्ये बोलल्यावाचून राहवत नाही, कारण दोघांनाही एक गोष्ट सांगायची राहिली आहे. वसईतल्या ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्राने धर्मादाय दान करणं २००३ पर्यंत मुळात अवघड होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ११८ वं कलम सांगत असे की पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचं नातेवाईक हयात असेल, तर धार्मिक किंवा धर्मादाय कामाला काही देण्यासाठी मृत्युपत्र मरणाच्या किमान १२ महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून ६ महिन्यांच्या आत ते ठरावीक ठिकाणी जमाही केलेलं हवं. मरणशय्येवरच्या माणसाकडून कोणी काही लिहून घेऊ नये, ही त्यामागची धास्ती. पण हिंदूंना हे बंधन नव्हतं. जॉन वल्लामट्टम या केरळच्या धर्मगुरूंनी ते सुप्रीम कोर्टात नेलं आणि जुलै २००३ मध्ये समानतेच्या मुद्द्यावर ते कलम रद्द झालं. त्यामुळे ‘आपल्याला मेल्यावर देण्याची सवय नाही’ हे हौशीचं वाक्य थोडं अन्यायाचं आहे. ज्यांना भाचे आहेत अशा समाजाला, म्हणजे संपूर्ण वसईला, ही सवय लागू नये अशी कायद्यानेच व्यवस्था केली होती.)

हौशी : मग वाडी बाजूला ठेव. गावात वाडीशिवाय काहीच नाही का? आखातात तीस वर्षं काढलेल्यांच्या ठेवी आहेत. विम्याच्या पॉलिसी आहेत. सोनं आहे. ज्यांची पोरं परदेशी स्थायिक झाली आणि परत येणार नाहीत, असे कितीतरी एकेकटे म्हातारे आहेत. त्यांना पैसा पोरांना पुरवायचा नसतो, पोरांची आठवण इथे राहावी एवढंच हवं असतं. आणि एक सांगतो, कंपन्यांकडे बघू नकोस. २०२१ च्या नियमांनंतर सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. कंपनी कार्यक्रमाला पैसे देईल, मंचामागे फलक लावेल, पण मुद्दल देऊ शकत नाही. म्हणजे कायम निधी उभा करायचा तर माणसांनीच. आणि माणूस मोठी रक्कम एकदाच देऊ शकतो, जेव्हा त्याला ती स्वतःला लागणार नसते तेव्हा.

हिशेबी : पण मुळात ‘कायम’ची हौस का? विष्णु दिगंबर पलुस्कर घे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत आणलं. कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटलं नाही, १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. हिशेबाने पाहिलं तर संस्था बुडाली. पण विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही माणसं त्या बुडालेल्या संस्थेतूनच निघाली. १९३१ साली बुवा गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ काढलं. आज गावोगावची मुलं त्याच मंडळाच्या परीक्षा देतात, आणि मंडळ त्यांच्या फीवर उभं आहे.

दुसरं उदाहरण तुझ्या वाद्यवृंदाच्या प्रांतातलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवणारा, वाद्यमेळ लिहिणारा माणूस. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एका जागी बसवायची त्यांची धडपड होती. काही वर्षांत ते अमेरिकेला गेले, ऑर्केस्ट्रा राहिला नाही. पण संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या सिनेमातल्या प्यारेलालांच्या गाण्यात गुरूचं नाव आलं आणि ते आजही लग्नाच्या बँडवर वाजतं. पाठीशी कायम निधी नव्हता. जे टिकायचं ते माणसातून माणसात गेलं.

हौशी : तूच उदाहरण दिलंस आणि तूच ते अर्धं वाचलंस. पलुस्करांच्या शिष्यांनी गळा नेला. गळ्याला तंबोरा नि तबलजी मिळाला की मैफल होते. एक विनायकबुवा पुण्याला गेले की पुण्यात गाणं उभं राहतं. वाद्यवृंद असा एका शिष्याच्या पाठुंगळीला बसून जात नाही. चाळीस माणसं, एका खोलीत, एका वारी, वर्षानुवर्षं यावी लागतात. बॅसूनवाला नसेल तर व्हायोलिनवाल्याने कितीही रियाज केला तरी उपयोग नाही. म्हणूनच गोन्साल्विसांचं नाव गाण्यात उरलं आणि ऑर्केस्ट्रा उरला नाही. प्यारेलालांना गुरूकडून व्हायोलिन मिळालं, वाद्यमेळ लिहायची विद्या मिळाली. पण ती विद्या त्यांनी वापरली सिनेमात, जिथे निर्माता पैसे देत होता. झेवियर्सच्या चौकात वाजलेल्या त्या रचना मग कोणी वाजवल्या? माझा मुद्दा हाच आहे. गळा वारशाने चालतो, वाद्यवृंदाला मुद्दल लागतं.

हिशेबी : हा मुद्दा मी घेतो. चांगला आहे. पण मग वाजवणाऱ्याला कायम उत्पन्न बांधून दिलं की काय होतं, तेही बघ. हे आपल्या मुलखाने शतकानुशतकं करून पाहिलंय. देवळापुढे सनई-चौघडा वाजावा म्हणून गुरवाला इनाम जमीन. जमीन पिढीजात, सेवा पिढीजात. पहिल्या दोन पिढ्या उत्तम वाजवतात. तिसऱ्याचा मुलगा शिक्षक होतो, चौथ्याचा एसटीत लागतो, जमीन मात्र त्याच घरात राहते, आणि देवळात आरतीच्या वेळी विजेवर चालणारा नगारा-घंटा लावतात. इनामाने जमीन टिकली, वाजवणं नाही. आणि वाजवणं कोणी करायचं ते जातीने ठरलं, म्हणजे ज्याला वाजवायचं होतं त्याला दार बंद.

चर्चचं घे. समज, १९५० साली आपल्या गावातल्या कोणा सज्जनाने मृत्युपत्रात लिहिलं असतं, ‘माझ्या पैशाच्या व्याजातून लॅटिन मिस्सा गाणारा कॉयर कायम चालवावा.’ १९६२ ते ६५ दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, उपासना मराठीत आली, तबला-पेटी आली. त्या सज्जनाचं व्याज कशावर खर्चायचं? धर्मादाय आयुक्ताकडे जायचं, कोर्टाकडून मूळ हेतूच्या जवळचा दुसरा हेतू ठरवून घ्यायचा. मेलेल्या माणसाने काय म्हटलं असतं, यावर जिवंत माणसं भांडत बसणार.

आणि मोठा निधी म्हणजे सुरक्षा, हाही समज सोड. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडे सुमारे १४ कोटी डॉलरचा निधी होता, तरी २०११ साली त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण बराचसा पैसा देणाऱ्यांनी अटी घालून बांधलेला होता. तिजोरी भरलेली, आणि पगाराला पैसे नाहीत.

हौशी : तर मग अटी कमी करू. मी हट्ट सोडतो: मुद्दल कायम ठेवायचं नाही. वीस वर्षांत मुद्दलासकट खर्चून टाकायचं. वीस वर्षांत दोन पिढ्या वाजवायला शिकतील. त्यानंतर त्यांना हवं असेल तर त्यांनी आपलं बघावं, नको असेल तर वाद्यं विकून टाकावी. यात तुझी ८५ टक्क्यांची अडचणही सुटते, महागाईचीही बरीच सुटते, लॅटिनचीही सुटते.

मात्र गोव्याची गावकरी पद्धत विसरू नकोस. तिथल्या कोमुनिदादी गावाच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून चर्चचे सण आणि गावाचे खर्च भागवत. चर्चच्या शाळेत मेस्त पोरांना सोल्फेजो आणि व्हायोलिन शिकवायचा. मुंबईच्या स्टुडिओत जे गोवेकर वादक आले ते त्या शाळांतून आले. तिथे कोणा एकाची मेहेरबानी नव्हती, गावाची मिळकत होती. तुझ्या गुरवाच्या इनामात आणि या व्यवस्थेत फरक आहे: जमीन वाजवणाऱ्याच्या नावावर नव्हती. मेस्त बदलता येत असे.

हिशेबी : तिथेही मिळकतीचा वाटा गावकारांच्या घराण्यांचा, बाकीच्यांचा नव्हे. पण फरक तू बरोबर पकडलास. मला त्याहून आपली जुनी वाट आवडते. १९१८ साली मोन्सेनियर मोनीस यांनी बॅसिन कॅथॉलिक बँक सुरू केली ती सहकारी तत्त्वावर. सभासद जिवंत, मत जिवंत. तुझ्या वाद्यवृंदाला मृत्युपत्रांपेक्षा पाचशे सभासद आधी मिळव. सभासद असले की देणगी येईल. देणगी आधी आली तर सभासद का यावेत? विश्वस्त मंडळात पाच जण बसतील, दोन कोटींच्या ठेवीची रसीद कपाटात राहील, आणि तालमीला सहा पोरं.

हौशी : सहा पोरं तर सहा पोरं. आज शून्य आहेत. पण सभासद कोण होणार, हा प्रश्न मला रात्री छळतो, तू विचारलास म्हणून बोलतो. ज्या म्हाताऱ्या बाया पैसे ठेवायला तयार होतील, त्यांच्या मनात ‘आपली पोरं’ आहेत. चर्चमध्ये वाजवणारी, घरात आपली बोली बोलणारी. आणि व्हायोलिन शिकायला आज रांग कुठे आहे? सनसिटीच्या इमारतींत, नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये. तमिळ, बंगाली, उत्तर भारतीय, घाटावरचे मराठी. आपली पोरं वीस वर्षांत ऑकलंडला नाहीतर टोरंटोला असतील.

हिशेबी : आणि कायदाही तुला तिकडेच ढकलेल. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या हितासाठी काढलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही. तेव्हा ओळ अशी लिहावी लागेल की कोणीही यावं. ज्या भरावामुळे रस्ता बुडतो असं आपण म्हणतो, त्या भरावावर राहणाऱ्या पोरांसाठी आपल्या आजीने पैसे ठेवावेत. तुला जमेल हे तिला सांगायला?

हौशी : ती पोरं भराव घालायला आली नव्हती. आणि आजीच्या लग्नात वाजलेला बँड तरी कुठे एका बोलीचा होता? क्लॅरिनेट जर्मनीतला, चाली पोर्तुगीज, गाणी हिंदी सिनेमाची. पण हे तिला पटेल याची खात्री नाही. मला ‘कोणीही’ लिहिलं तर पैसे मिळणार नाहीत, ‘आपली’ लिहिलं तर पोरं मिळणार नाहीत.

हिशेबी : आता प्रश्न नीट झाला. मघाशी तू पैसा कुठून येईल ते विचारत होतास, मी तो टिकेल का ते विचारत होतो. दोन्ही दुय्यम होते. मृत्युपत्र लिहिणाऱ्याला ज्यांची तोंडं कधी दिसणार नाहीत, त्यांच्या हातात तो काय ठेवतोय, आणि ते त्याला आपलं म्हणायला तयार आहेत का?

हौशी : तयारी मरेपर्यंत कशाला थांबवायची? तालमी आधी सुरू करतो. आजीला खुर्ची देऊन समोर बसवतो. ओळ मग लिहू.

हिशेबी : लिहिशील तेव्हा दोन साक्षीदार लागतील. त्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार असेल तर त्यांना दिलेलं तेवढं रद्द होतं, आपल्या कायद्यात तसंच आहे. म्हणून मी सही करायला योग्य माणूस आहे. मला वाजवताही येत नाही. पण वीस वर्षांची मुदत त्या ओळीत आधी घाल. वाडीचं नंतर बघू.

हौशी : वाडीचंच आधी बघावं लागेल. आजीकडे ठेव तीन लाखांची आहे. बाकी सगळं तिचं त्या सात गुंठ्यांत आहे.